प्लास्टरमधले भाईसाब

मोडलेलं नाक घेऊन आलेला माणूस आधी खोटं बोलतो. पाय मोडला तर तो कसा मोडला हे लोक चार घरी रंगवून सांगतात. नाकाचं तसं नसतं. नाक म्हणजे अब्रू, आणि ती चेहऱ्याच्या मधोमध, सगळ्यांसमोर सुजून बसलेली असते. म्हणून दार लागलं, चेंडू लागला, पाय घसरला, यातलं जे पहिलं सुचेल ते सांगून माणूस मोकळा होतो. नाक दाबलं की तोंड उघडतं ही म्हण ज्याने काढली, त्याने माझ्या ओपीडीत एक सकाळ बसून दाखवावं.

मी कान-नाक-घशाची डॉक्टर. माहेर सांगली, नवरा हवाई दलात, त्यामुळे जिथे त्याची बदली तिथे माझं दुकान. सध्या ते चंदिगढला एका धर्मादाय रुग्णालयात आहे. इथली नाकं मला आता तोंडपाठ झाली आहेत. कबड्डीची नाकं वेगळी, ती पोरं हसत येतात आणि नाकातले बोळे काढायच्या आत पुढच्या सामन्याचं विचारतात. लग्नाच्या मोसमात भांगडा करताना कोणाचं तरी कोपर लागलेली नाकं येतात, बरोबर ज्याचं कोपर तोही येतो आणि नाकवाल्यापेक्षा जास्त रडतो. मुल्लानपूरच्या बांधकामांवरून फळी लागलेले मजूर येतात. सेक्टर बावीसच्या बाजारात दुकानांची काचेची दारं इतकी लख्ख पुसतात, की त्यांच्यावर आपटलेली एखादी तरी बाई मला आठवड्याला मिळते. आणि काही बायका 'बाथरूममध्ये पडले' म्हणून येतात. त्यांच्याबरोबरच्या सगळ्यांना मी बाहेर काढते, दार लावते आणि पुन्हा एकदा विचारते. तिथे मी थट्टा करत नाही.

उपचार तसा साधा आहे, लोकांना तो फार भयंकर वाटतो इतकंच. पहिल्यांदा आत बघायचं. दोन नाकपुड्यांमधल्या पडद्यात रक्त साचलं असेल तर ते त्याच दिवशी काढायचं, कारण तिथे पू झाला तर पडदा कुजतो आणि नाक मधोमध खचतं. बाकी नाक कितीही वाकडं दिसलं तरी घाई करायची नाही. सूज उतरायला चार-पाच दिवस द्यायचे, मग भूल देऊन हाड जागेवर बसवायचं, वरून आठवडाभर प्लास्टर. पण फार दिवसही घालवायचे नाहीत. हाड जुळून आलं की ते आपलं ऐकत नाही. एक्स-रेचा फारसा उपयोग नसतो, तरी तो नाही काढला तर नातेवाईकांना आपण फसवले गेलो असं वाटतं. मी त्याऐवजी जुना फोटो मागते. नाक मुळात कसं होतं हे कळल्याशिवाय ते कुठे परत न्यायचं हे मला कसं कळणार? इथे फोटो मागितला की लोक लग्नाचा आणतात. त्यात नवऱ्याच्या तोंडावर फुलांच्या माळांचा सेहरा असतो आणि नाक सोडून सगळं दिसतं.

दोन हिवाळ्यांपूर्वी, धुक्यामुळे समोरची पार्किंगसुद्धा दिसत नव्हती अशा एका सकाळी, एक सत्तरी ओलांडलेले गृहस्थ आत आले. अंगात जाड कोट, डोक्यावर गुंडाळून वर सारलेली माकडटोपी, नाकाखाली रक्ताने भिजलेला रुमाल. दारावरची माझी पाटी वाचून त्यांनी तशा अवस्थेत टाचा जुळवल्या आणि मराठीत नमस्कार केला. सातारा जिल्ह्यातले, फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. शेवटचं पोस्टिंग इकडे होतं, पुढे एका बँकेत पहारेदारीची नोकरी मिळाली, मुलाचं शिक्षण इथे झालं, आणि मनीमाजऱ्यात छोटं घर घेऊन ते इथलेच झाले. मुलगा आता पुण्यात होता. घरात ते आणि त्यांची बायको, दोघंच.

कसं लागलं, मी विचारलं. बाथरूममध्ये घसरलो, ते म्हणाले.

मी त्यांचे तळहात उलटे करून बघितले. पडणारा माणूस आधी हात टेकतो, हात नाही टेकले तर गुडघा, कपाळ, हनुवटी, काहीतरी खरचटतं. यांना नाक सोडून कुठे ओरखडा नव्हता. आणि नाक सरळ मागे दबलेलं नव्हतं, डावीकडून फटका बसून उजवीकडे गेलं होतं. म्हणजे समोर कोणीतरी उभं होतं आणि त्याने उजव्या हाताने मारलं होतं. पण रक्ताने माखलेल्या म्हाताऱ्या माणसाची उलटतपासणी घेण्याची ती वेळ नव्हती. पडद्यात रक्त साचलेलं नव्हतं, ते बरं होतं. रक्त थांबवलं, बर्फ लावायला सांगितला आणि चार दिवसांनी जुना फोटो घेऊन बोलावलं.

ते ठरल्या दिवशी आले. कोटाच्या आतून त्यांनी पेपरात गुंडाळलेली, भिंतीवरून उतरवलेली फ्रेम काढली. लग्नाचाच फोटो. मुंडावळ्या दोन्हीकडे छान बाजूला सारलेल्या आणि मधे सरळसोट, ताठ नाक. शेजारी नाकीडोळी नीटस अशी मुलगी, कॅमेऱ्याकडे न बघता नवऱ्याकडे बघत असलेली. मी म्हटलं, काका, हे नाक परत आणू, काळजी करू नका. तर ते म्हणाले, फोटो तुम्ही मागितला म्हणून आणला, पण मला काही करायचं नाही. राहू दे वाकडं.

माझा पारा चढला. मला सल्ला न ऐकणारे पेशंट खपत नाहीत, हे आमच्या सिस्टरला इतकं ठाऊक आहे की ती अशा वेळी पाण्याचा ग्लास आणून माझ्यासमोर ठेवते. मी त्यांना फैलावर घेतलं. उजवी नाकपुडी बंद होईल, रात्री तोंडाने श्वास घ्यावा लागेल, घसा कोरडा पडेल, पुढे करायचं म्हटलं तर मोठं ऑपरेशन लागेल, सगळं ऐकवलं. त्यांनी सावधानमध्ये उभं राहिल्यासारखं निमूट ऐकून घेतलं. मग विचारलं, "प्लास्टर किती मोठं असतंय?"

मी माझ्या चेहऱ्यावर बोटाने दाखवलं. कपाळाच्या मध्यापासून नाकाच्या शेंड्यापर्यंत आणि दोन्ही गालांवर थोडं थोडं. शिवाय डोळ्यांखाली काळंनिळं होईल ते वेगळं.

"म्हंजे चेहरा झाकला," ते म्हणाले. "ती वळखणार न्हाई मला."

मग त्यांचं तोंड उघडलं. बायकोचा विसराळूपणा दोन-तीन वर्षांपूर्वी सुरू झाला होता. आधी भाजीत मीठ दोनदा, मग शेजारणीचं नाव, मग हे शहर. ती मधूनच साताऱ्यात असायची. पण नवरा मात्र तिला कळायचा, तेवढं एक टिकलं होतं, आणि ते कधी सुटायला लागलं आहे हे त्यांना एका गोष्टीवरून समजायचं. उभा जन्म बाहेरच्या माणसांशी हिंदी आणि घरात मराठी अशी तिची सवय. ती त्यांना 'अहो' म्हणाली की सगळं ठीक. एखाद्या दिवशी ती त्यांच्याशी हिंदीत बोलली, 'भाईसाब, किससे मिलना है' म्हणाली, की समजायचं, आज आपण परके. मग ते समोर जाऊन बसायचे, चष्मा काढायचे, चेहरा नीट दाखवायचे. थोड्या वेळाने 'अहो' यायचं.

त्या धुक्याच्या सकाळी ते दूध आणायला गेले होते. माकडटोपी ओढलेली, वर मफलर, दोन डोळे तेवढे बाहेर. वीज गेली होती म्हणून बेल वाजली नाही आणि ते किल्लीने दार उघडून आत आले. ती स्वयंपाकघरात चहासाठी आलं ठेचत होती. अनोळखी माणूस घरात आला तर घाबरायचं नाही, हाताला येईल ते घेऊन हाणायचं, हे फौजी नवऱ्याने तिला तरुणपणापासून शिकवून ठेवलं होतं. बाकी सगळं विसरली, तेवढा धडा पक्का होता. लोखंडी बत्ता नाकावर बसला. ते खाली बसले, टोपी काढली, आणि त्यांचा चेहरा दिसल्यावर ती धावत आली. "अहो, कुणी केलं हे?" म्हणून पदराने रक्त पुसत रडायला लागली.

मी विचारलं, मुलाला सांगितलंत का. ते म्हणाले, त्याच्यासाठीच तर बाथरूम. मुलगा चांगला होता, रोज फोन करायचा. पण त्याने पुण्यात एक जागा बघून ठेवली होती, अशा आजाराची माणसं सांभाळतात ती. आईला बाबा ओळखू येतात तोवर घरी, ज्या दिवशी येणार नाहीत त्या दिवशी तिकडे, असं बापलेकांत ठरलं होतं. मुलाचंही चुकत नव्हतं. आणि आता आठवडाभर तोंडाला प्लास्टर बांधून घरात वावरायचं, म्हणजे तो दिवस आपणच ओढून आणायचा.

सिस्टरला मराठी येत नाही, तरी तिने ग्लास माझ्यासमोरून उचलून त्यांच्यासमोर ठेवला. मी म्हटलं, काका, तुम्ही आठवड्याचा विचार करताय. हे असंच जुळलं तर चेहरा कायमचा बदलेल. तिला जो ठाऊक आहे तो हा फ्रेममधला चेहरा. उद्या तिला आजचा चेहरा आठवणार नाही, पण हा आठवेल. तो तुम्ही घालवणार का?

ते फोटोकडे बघत बसले. मग म्हणाले, ठीक आहे जी, पण तिला घेऊन येतो. तिच्यासमोर बांधा. बघत बसली तर आत मीच आहे हे तिला कळेल. मला ती कल्पना आवडली. बत्ता कुठे आहे, एवढं मी विचारून घेतलं. तो माळ्यावर गेला होता.

दुसऱ्या दिवशी ती आली. साडीवर मरून स्वेटर, पायात लोकरी मोजे, केसांत कोणीतरी, म्हणजे त्यांनीच, जरा तिरका माळलेला गजरा. मी मराठीत बोलतेय म्हटल्यावर तिची कळी खुलली. तुम्ही कुठल्या, तिने विचारलं. मी सांगली म्हटलं. मग आमच्या जवळच्याच की, ती म्हणाली, आणि थोड्या वेळाने पुन्हा विचारलं. मला एरवी एकच प्रश्न दोनदा ऐकून घ्यायची सवय नाही. त्या दिवशी तिने जितक्यांदा विचारलं तितक्यांदा मी सांगली सांगितलं.

नाकापुरती भूल दिल्यावर मी हत्यार आत घालून हाड उचललं आणि बाहेरून अंगठ्याने सरकवलं. जागेवर बसताना ते कट्‌ असा आवाज करतं, तो ऐकून भलेभले पैलवान डोळे पांढरे करतात. सुभेदारांनी हूं की चूं केलं नाही. ती उशाशी स्टुलावर बसून त्यांच्या कपाळावर हात ठेवून होती आणि 'झालं हं, झालं' म्हणत होती. मी फ्रेम समोर उभी करून ठेवली होती. नाक सरळ आलं, अगदी फोटोतलं. मग बोळे घातले आणि एकेक ओली पट्टी लावत गेले. प्रत्येक पट्टीला मी तिला सांगत होते, हे बघा, यांच्या नाकाला आता पांघरूण घालतेय. ती मान डोलावत होती. ते तिच्याकडे बघत होते.

प्लास्टर वाळलं. आम्ही त्यांना उठवून बसवलं. ती उठली, साडी सारखी केली, माझ्याकडे वळून विचारलं, "आमचे हे कुठं गेले?"

मी काही म्हणायच्या आत तिने त्यांच्याकडे पाहिलं. मी ओपीडीत पुष्कळ चेहरे पडताना बघते, पण प्लास्टरखालचा चेहरा पडलेला तेव्हा प्रथमच बघितला. ओळखीचं म्हणावं असं दोन डोळेच तेवढे बाहेर होते. माकडटोपीतून होते तसेच. सिस्टर नकळत एक पाऊल पुढे सरकली, मीही.

ती मात्र त्यांच्याजवळ गेली आणि वाकून बघायला लागली. "भाईसाब," ती हळूच म्हणाली, "बहुत दुखता है क्या?"

त्यांनी मान हलवली.

"आप बैठो. हमारे ये अभी आएंगे. फौज में हैं. आपको अकेला नहीं छोड़ेंगे." असं म्हणून तिने स्वतःची शाल काढून त्यांच्या खांद्यांवर टाकली आणि शेजारी बसली. नवऱ्याची वाट बघत.

मी त्यांना बाजूला घेऊन सांगितलं, आठवडाभर इथे दाखल व्हा, मी खाट देते. ते म्हणाले, मग तिच्याजवळ कोण? बोळ्यांमुळे आवाज गेंगाणा येत होता, तोही तिच्या ओळखीचा नव्हता. शेवटी ती रिक्षात बसली, 'हे' घरी गेले असतील असं मी तिला सांगितलं, आणि या जखमी भाईसाबांना तिने बरोबर घरी नेलं. दाराशी उभी राहून मी सिस्टरवर उगाच खेकसले आणि मग दिवसभर माझं कशात लक्ष लागेना. मी घाबरले होते. घरी माझ्या पोरीने हिंदीत काहीतरी विचारलं तर मी तिच्यावरही ओरडले, मराठीत बोल म्हणून.

दोन दिवसांनी बोळे काढायला ते एकटेच आले. शेजारीण तिच्याजवळ बसली होती. मी घाईघाईने विचारलं, कसं चाललंय? ते हसले, प्लास्टरला चीर जाईल म्हणून जपून हसले. पाहुण्यासारखी बडदास्त चालली होती. तिने बाहेरच्या खोलीत अंथरूण घालून दिलं होतं. गरम भात, वर तूप, पहिलं पान त्यांचं. लग्न झाल्यापासून आपल्याला कधी इतक्या अदबीने कोणी वाढलं नव्हतं, ते म्हणाले. रात्री ती आतून कडी लावून झोपायची, आणि त्याआधी दाराशी येऊन सांगायची, भाईसाब, घबराना नहीं.

दुपारी ती त्यांच्याशी गप्पा मारत बसायची. विषय एकच, नवरा. कसा तापट आहे, कसा भाजी आणताना पिकलेले टोमॅटोच आणतो, कसा चार माणसांत बायकोशी धड बोलत नाही. आणि मग असंही, की तो सरहद्दीवर गेला की ती त्याच्या उशीचा अभ्रा धुवायची नाही, सुट्टीवर येईपर्यंत. सासूने एकदा धुवायला घेतला तर तिने हातातून ओढून घेतला होता. "उनको मत बोलना," तिने बजावलं होतं.

"पन्नास वर्षांत मला न्हाई सांगितलं हे," ते मला म्हणाले. "परक्याला सांगितलं." त्यांचे डोळे भरून आले होते आणि मी त्यांना रडू नका, नाक शिंकरायचं नाही, असं दटावलं.

आठवड्याच्या मध्यावर पुण्याहून मुलगा आला. शेजारणीने फोनवर त्याला प्लास्टरचं सांगून टाकलं होतं, आणि त्या पुण्याच्या जागेतल्या लोकांशी तो बोलूनच आला होता. तोही मला येऊन भेटला, कसं लागलं ते विचारायला. मी म्हटलं, वडिलांना विचार. त्याने विचारलं असावं आणि त्यांनीही या वेळी खरं सांगितलं असावं. तो दोन दिवस राहिला. त्या दोन दिवसांत त्याने आईला आपल्या बापाला परक्यासारखी हाक मारताना ऐकलं, आणि त्याच परक्याच्या पानात तूप वाढताना पाहिलं. जाताना त्याने मनीमाजऱ्यातलीच एक बाई सकाळ-संध्याकाळ येण्यासाठी ठरवली आणि पुण्याच्या जागेचं नाव काढलं नाही. बाबा इतके खूश मला कधी दिसले नव्हते, तो मला फोनवर म्हणाला. त्याला ते जरा विचित्र वाटत होतं. मला नाही वाटलं.

प्लास्टर काढायच्या दिवशी दोघं आली. ती बाहेर बाकावर बसली, कारण भाईसाबांच्या बरोबर आपण आत कशाला जायचं. मी पट्ट्या भिजवून सोडवल्या. नाक सरळ होतं, जरा सुजलेलं, डोळ्यांखाली पिवळट झालेलं. ते आरशात न बघता दाराकडे बघत होते. आता ही ओळखेल का, एवढंच त्यांना बघायचं होतं, आणि मलाही. आठवडाभर हा चेहरा तिने पाहिला नव्हता. मी सिस्टरला तिला आत आणायला सांगितलं.

ती दारात थांबली. सवयीने त्यांचा हात चष्मा काढायला गेला, पण तो आठवडाभर खिशातच होता. ती बघत राहिली, बराच वेळ, आणि मग तिच्या कपाळाला आठी पडली.

"अहो, कुठं होता इतके दिस?" ती म्हणाली. "घरात पावणं, आन् तुमचा पत्ता न्हाई."

त्यांनी तिचा हात धरला. ती मात्र खोलीभर बघत होती, खाटेकडे, पडद्यामागे.

"ते भाईसाब कुठं गेले? जेवले न्हाईत आज."

"घरी पोचले," ते म्हणाले.

"बरं झालं," ती म्हणाली. "त्यांची बायको वाट बघत असंल."